पोळ्याच्या करीला काटेरी तारेची मॅच: करू द्यावी का?

रोही_वावरात

मंडळी, सल्ला पाहिजे आणि जरा लवकर पाहिजे.

आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यात. पोळ्याच्या करीला गावात कुस्त्यांची दंगल असते, आजोबांच्या काळापासून. अलीकडे माणसं येईनाशी झाली. मागच्या साली शेवटची जोड लागली तेव्हा मैदानात पहेलवान, पंच आणि त्यांच्या घरचे एवढेच उरले होते.

यंदा पोट्ट्यांनी मंडळाच्या बैठकीत नवा विषय काढला. शेवटची जोड 'डेथमॅच' ठेवायची. दोरांच्या जागी काटेरी तार, चार कोपऱ्यांत ट्यूबलाइटी, आणि तारेला वावरातलं झटका मशीन जोडायचं. रोही आणि डुकरांसाठी केलेल्या कुंपणाचं उरलेलं बंडल आहेच. जुन्या ट्यूबा गोळा करून झाल्या. दोघांपैकी एक माझा पुतण्या, वय १९.

त्याचं म्हणणं, "काका, तो मॅनकाइंड पिंजऱ्यावरून खाली पडला, उठला, परत वर चढला. सगळं आधी ठरलेलं असते, कोणाले काही होत नाही." पोरं वाईट नाहीत. आखाडा त्यांनीच जिवंत ठेवला आहे. नुसतं 'नाही' म्हटलं तर ते ऐकणार नाहीत, आणि का ऐकावं? म्हणून ज्यांनी टीव्हीवरच्या डब्ल्यूडब्ल्यूएफ कुस्तीचे हे सामने पाहिले, वाचले आहेत त्यांनी सांगा, खरं काय आहे?

वऱ्हाडी_ठेचा

झटका मशीन?? अबे काय डोकं फिरलं का पोट्ट्यायचं! पुतण्याले पहिले मामाच्या गावाले पाठवा. पोळा झाला का वापस आणा.

सोळा_फूट

रोही दादा, ज्या मॅचचा दाखला पुतण्या देतो आहे तिच्यावरच माझं हे नाव आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

२८ जून १९९८, अमेरिकेतलं पिट्सबर्ग, डब्ल्यूडब्ल्यूएफ कंपनीचा 'किंग ऑफ द रिंग' कार्यक्रम. अंडरटेकर विरुद्ध मॅनकाइंड, म्हणजे मिक फोली. प्रकार 'हेल इन अ सेल': रिंगणाभोवती जाळीचा पिंजरा, वर जाळीचंच छत. दोघं सुरुवातीलाच छतावर चढले. अंडरटेकरने त्याला तिथून ढकललं आणि तो सुमारे सोळा फुटांवरून स्पॅनिश समालोचकांच्या टेबलावर आदळला. हे ठरलेलं होतं, फोली स्वतः तयार होऊन चढला होता. पुतण्या बरोबर बोलतो तो इथपर्यंत.

पण पुढे काय झालं ते नीट पाहा. स्ट्रेचरवरून उठून फोली परत वर गेला. अंडरटेकरने त्याला छतावर आपटलं आणि जाळीचा तो तुकडाच सुटला. फोली थेट खाली रिंगणात. हे ठरलेलं नव्हतं. जाळी वाकेल, झोल खाईल असं वाटलं होतं, ती निखळेल असं कोणाच्या ध्यानीमनी नव्हतं. त्याच्यामागून वरची खुर्चीही खाली आली, तोंडावर बसली आणि दात गेला. अंडरटेकरने नंतर सांगितलं आहे की त्या क्षणी त्याला फोली मेला असंच वाटलं. आणि अंडरटेकरचा स्वतःचा पाय त्या दिवशी मोडलेला होता. मॅच संपल्यावर कंपनीच्या मालकाने फोलीचे आभार मानले आणि असलं काही पुन्हा बघायचं नाही म्हणून बजावलं. एवढ्या मोठ्या कंपनीत, डॉक्टर हाताशी असताना, एक पत्रा सुटला. गावातल्या बासांना मारलेल्या खिळ्यांची हमी कोण घेईल?

पुसदचा_पाहुणा

मला नाही पटत. निकाल ठरलेला, मार ठरलेला, मग भ्यायचं काय? उलट खऱ्या कुस्तीतच जास्त मोडतोड होते. पोरं मोठी आहेत, मतदान करतात. गावात गर्दी होत असेल तर होऊ द्या. तार जरा लांब ठेवा म्हणजे झालं.

सोळा_फूट

पाहुणे, निकाल ठरवता येतो, जमीन ठरवता येत नाही. त्याच कंपनीचा पहेलवान ओवेन हार्ट २३ मे १९९९ ला कॅन्सस सिटीत गेला तो मॅचमध्ये नाही, मॅच सुरू व्हायच्या आधी. छतावरून दोरीने उतरायचं होतं, अडकवण सुटली, अठ्ठ्याहत्तर फूट खाली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ड्रॉझ नावाच्या पहेलवानाला नेहमीच्याच एका डावात मानेवर मार बसला आणि तो कायमचा अपंग झाला. तिथे ना तार होती ना काच. रोज तेच काम करणाऱ्यांचं हे झालं.

कपाशी९६

सोळा फूट भाऊ, तुमची पोस्ट वाचून सगळं आठवलं. आमच्या गावात एकाच घरी केबल होती आणि रात्री त्या ओसरीत पाय ठेवायला जागा नसायची. किराणा दुकानात पहेलवानांचे पत्ते मिळायचे: उंची, वजन, छाती, रँक. अंडरटेकरचा पत्ता ज्याच्या हाती तो वर्गाचा राजा. तो सात वेळा मेला आणि परत आला हे आम्हाला शाळेतल्या पाढ्यांपेक्षा पक्कं पाठ होतं. हिंदी पिक्चरमध्ये हिरोने त्याला उचलून आपटलं तेव्हा तर गावात दोन पार्ट्या पडल्या.

हिवाळ्यात आमच्या पुढच्या खोलीत कापूस भरलेला असायचा, पार आढ्याला टेकेपर्यंत. आम्ही माळ्यावरून त्याच्यावर उड्या मारायचो. एकजण अंडरटेकर, बाकीचे ओळीने मरणारे. अंगाला ही खाज सुटायची, बोंडाची वाळकी टरफलं पाठीत रुतायची, आणि आजी काठी घेऊन दारात उभी. पण लागलं कधी नाही कोणाला. पुढे उन्हाळ्यात कापूस गेला विकून आणि आमच्यातला एक मित्र त्याच सवयीने माळ्यावरून उतरला. खाली शेणाने सारवलेली भुई. हात कोपरातून असा वळला होता की मी अजून ते डोळ्यांपुढून काढू शकत नाही.

वऱ्हाडी_ठेचा

पिक्चरमधला तो खरा अंडरटेकर नव्हताच ना भौ! ब्रायन ली होता तो. मले हे कळलं तवा दोन दिवस भूक नाही लागली.

कपाशी९६

ठेचा भौ, हे तुम्ही आज सांगून राह्यले? तीस वर्षं मी त्या पार्टीत भांडलो!

वायरमन

मी झटका मशीनच्या विषयावर बोलतो, बाकीचं जाणकार बोलतील.

झटका मशीन सेकंदाला साधारण एकदा, अगदी क्षणभर, भारी व्होल्टेजचा ठोका देते. मधल्या वेळात जनावराने मागे व्हावं म्हणून तशी रचना आहे. म्हणूनच ते मशीन साध्या तारेला जोडायचं असतं. काटेरी तारेला जोडायचंच नाही, हा नियम आहे. कारण काट्यात अडकलेल्याला मागे होता येत नाही, आणि दर सेकंदाला ठोका बसत राहतो. आता विचार करा, दोन पोरं उघड्या अंगाने, घामाने ओली, पोळ्याचे दिवस म्हणजे खाली चिखल, आणि मुद्दाम तारेत अडकायचं ठरलेलं.

दुसरं त्याहून वाईट. कार्यक्रमाच्या दिवशी बॅटरी उतरली की कोणीतरी हुशार माणूस म्हणतोच, "लाइनीवरून घ्या ना डायरेक्ट." आपल्याकडे वावराच्या तारेत थेट लाइन सोडल्याने माणसंही गेलीत आणि वाघही गेलेत, पेपरात दर हंगामात असतं. मी खांबावर काम करणारा माणूस आहे. कृपा करून हा विचार आज रात्रीच बंद करा.

सोळा_फूट

ही कल्पना पोरांनी जपानकडून उचलली असणार. ४ ऑगस्ट १९९० ला टोकियोत अत्सुशी ओनिता आणि टार्झन गोटो यांनी दोर काढून स्फोट होणाऱ्या काटेरी तारेत मॅच केली, तिथून हे लोण पसरलं. १९९५ मध्ये कावासाकीच्या स्टेडियममध्ये टेरी फंक आणि हाच फोली तार आणि स्फोटकं घेऊन लढले. आणि ७ मार्च २०२१ ला केनी ओमेगा आणि जॉन मॉक्सली यांची तशीच मॅच झाली. शेवटी मोठा स्फोट होणार म्हणून उलटी मोजणी सुरू, एडी किंग्स्टन नावाचा पहेलवान मॉक्सलीला वाचवायला त्याच्या अंगावर आडवा पडलेला, आणि झालं काय तर फुलबाज्या फुरफुरल्या. एवढा पैसा, एवढे तंत्रज्ञ, तरी ठरवलेलं घडलं नाही. तिथे कमी घडलं म्हणून लोक हसले. जास्त घडलं असतं तर?

सिस्टर_पीएचसी

मी प्राथमिक आरोग्य केंद्रात काम करते. पोळ्याच्या आसपास बैलाचं शिंग लागलेले, दारू पिऊन पडलेले येतातच, म्हणून त्या दिवसांत आमच्याकडे काय असतं आणि काय नसतं ते मला माहीत आहे.

ट्यूबलाइट फुटली की काच फार बारीक होते. ती कातडीखाली राहिली की वरून जखम भरलेली दिसते आणि आठवड्याने आत पू. ट्यूबमध्ये पारा असतो, आतल्या बाजूला पांढरी पावडर असते, ती जखमेत गेली की धुऊन धुऊन दमायला होतं. डोळ्यात गेली तर आमच्या हातात काहीच नाही, जिल्ह्याला पाठवायचं. आणि ती तार वावरात पडलेली, शेणामातीची. धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं होतं हे विचारलं तर शंभरातले फार थोडे सांगू शकतात.

आणखी एक, ज्याचा कोणी विचार करत नाही. दोघांचं रक्त एकमेकांच्या उघड्या जखमेला लागतं. हिपॅटायटिस बी, सी, एचआयव्ही, तिन्हींची वाट तीच. आधी रक्त तपासलं आहे का कोणी?

सोळा_फूट

सिस्टर ताई, याची कोर्टात गेलेली केससुद्धा आहे. अब्दुल्ला द बुचर या जुन्या पहेलवानाने मॅचमध्ये रक्त काढायला ब्लेड वापरल्याने आपल्याला हिपॅटायटिस सी झाला, असा दावा कॅनडातल्या एका पहेलवानाने केला. २०१४ मध्ये ओंटारिओच्या कोर्टाने वीस लाख डॉलरच्या वर भरपाई मंजूर केली. त्याचं मोठ्या कंपनीत जायचं स्वप्न त्या आजारापायी गेलं.

पुतण्याच्या वयाचा म्हणून हेही सांगतो. १९९६ मध्ये अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समध्ये १७ वर्षांचा एक मुलगा वय खोटं सांगून, कसलंही शिक्षण नसताना रिंगणात उतरला. कपाळावर ब्लेड मारून घ्यायचं आधी ठरलं होतं. समोरच्याने ते फार खोल मारलं, धमनी तुटली. बाप प्रेक्षकांत उभा राहून ओरडत होता, मॅच थांबवा म्हणून.

मोर्शी_संत्रा

सगळं खरं आहे, पण आपल्या शेजारची गोष्ट कोणी काढली नाही. त्याच करीच्या दिवशी पांढुर्ण्यात गोटमार असते. आमच्या मोर्शी-वरूडकडून गाड्या भरून लोक पाहायला जातात. जाम नदीत पळसाचं झाड रोवायचं, त्यावर झेंडा, एका काठावर पांढुर्णा, दुसऱ्या काठावर सावरगाव, आणि दिवसभर एकमेकांवर दगड. दरवर्षी शेकड्यांनी डोकी फुटतात, माणसंही गेलीत. प्रशासनाने रबरी चेंडू देऊन पाहिले, लोकांनी दगडच उचलले. तिथे कोणी विचारत नाही करू द्यावं का. मग आमच्या पोट्ट्यांच्याच मॅचवर एवढी चर्चा का?

सिस्टर_पीएचसी

भाऊ, मी विचारते. तिथेही विचारते. देवीचं नाव घेतलं म्हणून कवटीला टाके कमी पडत नाहीत.

पुसदचा_पाहुणा

पण मोर्शी भाऊंच्या बोलण्यात दम आहे. माणसाला धोका पाहायला आवडतो. शंकरपटाला का जातो आपण? २०१४ मध्ये कोर्टाने बंद केला तर सात वर्षं जीव कासावीस झाला होता लोकांचा.

लालमाती

शंकरपट बैलांचा आहे आणि त्याच्यावर दुसरा धागा काढा, तिथे मी भांडायला येतो. इथे पोराचं चालू आहे.

मी आयुष्यभर मातीत लोळलो. अमरावतीला हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या मैदानावर उभं राहून मोठ्या पहेलवानांना पाहिलं. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी आपले देशी खेळ दाखवायला ज्या मंडळाचे लोक गेले ते हे मंडळ. तिथल्या वस्तादांकडून पहिली गोष्ट काय शिकलो? डाव नाही. पडणं.

आखाड्याची माती उगाच लाल नसते. तिच्यात ताक जातं, तेल जातं, हळद जाते, कापूर जातो. करीच्या आधी ती फावड्याने खालपासून वर काढावी लागते, खडा अन् खडा बोटांनी वेचावा लागतो. का? कारण पडणारा आपलाच आहे. पोराची मान तयार व्हायला वर्षं जातात. पडताना हनुवटी छातीला, श्वास सोडलेला, पाठ सपाट, दोन्ही हात बाजूला मारायचे म्हणजे मार एका जागी बसत नाही. हे टीव्हीवरचे लोकही असंच पडतात, मी नीट पाहिलं आहे, त्यांना मी नावं ठेवत नाही. ते मेहनतीचे लोक आहेत. त्यांच्या रिंगणाच्या फळ्यांनासुद्धा खालून लवचीकपणा असतो. पण काट्यावर पडायची कोणतीही रीत नाही. खडे वेचलेल्या मातीत तुम्ही काच पेरणार, आणि दुसऱ्या दिवशी त्याच मातीत दहा वर्षांचं लेकरू लंगोट लावून उतरणार. ती काच कोण वेचणार? ट्यूबचा चुरा मातीतून निघत नाही. आखाडा कायमचा गेला समजा.

वायरमन

काकाजी, हा मुद्दा सगळ्यांत भारी आहे. हे कोणाच्याच डोक्यात आलं नव्हतं.

झाडीपट्टीचा_गडी

आमच्याकडे गडचिरोली-भंडाऱ्याकडे दिवाळीनंतर मंडई भरते. रात्रभर दंडार, नाटक. नाटकात मारामाऱ्या होतात, तलवारी चालतात, आणि तीन-तीन हजार माणूस थंडीत शेला पांघरून पहाटेपर्यंत हलत नाही. कोणाला खरचटतही नाही. म्हणून रोही भाऊ, गर्दीला रक्त लागते हे मी मानत नाही. गर्दीला गोष्ट लागते. कोण चांगला, कोण दगाबाज, कोणाचा बदला राह्यला आहे.

खलीच्या नावाने 'पंजाबी प्रिझन' काढलं होतं ना २००६ मध्ये? बांबूचे दोन पिंजरे, एकात एक. खली ऐनवेळी तब्येतीमुळे उतरलाच नाही, बिग शो उतरला. बांबू तर आमच्याकडे पाहिजे तेवढा. पिंजरा दिसायला बांधा, चढायचं नाही.

वऱ्हाडी_ठेचा

बांबू पाठवा गडीभाऊ, संग दोन पोते तांदूळबी येऊ द्या.

करीचा_गडी

मीच तो पुतण्या. काकानं लिंक पाठवली, सगळं वाचलं.

तुम्ही सगळे बरोबर बोलता, पण माहं ऐका. वर्षभर आखाडा आम्ही चौघं झाडतो. माती आम्ही खणतो. ताकासाठी घरोघरी आम्ही फिरतो. मागच्या साली माह्या जोडीदारानं तालुक्याचा पहेलवान चीत केला, धोबीपछाड असा मारला का वस्तादानं टोपी फेकली. पाह्याले कोणी नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्यानं ट्यूब डोक्यावर फोडायचा व्हिडिओ टाकला, तं तीन तालुक्यांतून फोन आले. मंग आम्ही काय समजाचं? लोकायले कुस्ती नाही पाहिजे, रक्त पाहिजे. तुम्ही लोकं कितीक जण आले दंगलीले, ते सांगा.

सिस्टर_पीएचसी

डोक्यावर ट्यूब आधीच फोडून झाली? त्याला उद्या सकाळी माझ्याकडे घेऊन ये. कोणत्याही केंद्रावर जा, पण ने. मी रागावत नाही.

कपाशी९६

बाळा, तू विचारलंस त्याला माझ्याकडे उत्तर नाही. मी पुण्यात बसून कुस्तीचे व्हिडिओ पाहतो आणि गावी पोळ्याला बैल ओवाळून त्याच रात्री बस पकडतो.

लालमाती

पोरा, तुझा राग रास्त आहे. तुझ्या जोडीदाराचा धोबीपछाड मला पाहायचा आहे आणि तो कसा मारला हे त्याच्याच तोंडून ऐकायचं आहे. ट्यूब फोडायला काही यावं लागत नाही, म्हणून ती उद्या दुसराही कोणी फोडेल आणि परवा कोणी दोन फोडेल. मग तुम्ही काय फोडणार? फोलीला विचार, तिकडे सगळे त्याच्याकडून पुढच्या वेळी आणखी उंचीची अपेक्षा करत होते.

झाडीच्या भाऊंनी सांगितलं ते कर. जोडीची गोष्ट आधीपासून सांगत जा. महिनाभर रोज एक व्हिडिओ टाक: खडे वेचताना, दंड मारताना, समोरच्या गावच्या पहेलवानाला आव्हान देताना. शेवटची जोड निकाली ठेवा, बरोबरीत सोडायची नाही. इनामाची ढाल आणि माझी चांदीची गदा या दंगलीपुरती मी देतो. आणि करीला मी येतो. माझ्यासोबत अमरावतीहून चार म्हातारे पहेलवान येतील, त्यांना पाहायलाच अर्धं गाव जमेल.

पुसदचा_पाहुणा

आम्ही पुसदहून एक गाडी करतो. मला ती मारामारीची मॅच पाहायची होती, ती नसली तरी येतो. पण जोड तगडी ठेवा, पाच मिनिटांत चहा पिऊन सोडायची नाही.

रोही_वावरात

सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री बैठक झाली. काकाजींचा काच आणि मातीचा मुद्दा मी शब्दशः वाचून दाखवला आणि पोरं गप्प झाली. तारेचं बंडल आज सकाळी परत वावरात गेलं. पोरांची एकच अट आहे: दंगलीच्या आधी पंधरा मिनिटं त्यांना टीव्हीसारखी लुटुपुटीची मॅच करू द्यायची, अंडरटेकरसारखा काळा कोट घालून, मातीवर गादी टाकून, खुर्ची-काठी काहीही नाही. मंडळाने मान्य केली. सिस्टर ताई, जोडीदार जाऊन आला, कपाळातून दोन तुकडे निघाले, इंजेक्शन दिलं.

करीचा_गडी

काकाजी, गदा नक्की ना? पोस्टरवर छापून राह्यलो. अन् पुसदवाल्यायनं गाडी शाळेजवळ लावा, पुलाकडून रस्ता चिखलाचा आहे.

लालमाती

छाप. एसटी किती वाजताची सोयीची पडेल ते कळव, म्हाताऱ्यांना सकाळीच पोचायचं आहे, माती मी स्वतः हाताने पाहणार.